जिन्याखालचं दही

२००६ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो. लंडनच्या इल्फर्ड भागातल्या माझ्या घरात वरच्या खोलीत नागपूरचा एक सॉफ्टवेअरवाला भाड्यानं राहायचा. त्याचा सर्व्हर जिन्याखालच्या कपाटात सतत घुमायचा. येता-जाता हा त्याच्यावर हात ठेवायचा, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा. रविवारी दुपारी त्याचे जुने दोस्त त्या मशीनवरून गेम खेळायचे, कोणी कार्डिफहून, कोणी नागपुराहून. आठवडाभर मुका असलेला माणूस तेवढाच वेळ खिदळायचा.

थंडीत दही लागेना, म्हणून मी पातेलं मशीनच्या उबेवर ठेवलं. विचारायचं कशाला, घर माझं.

त्या रविवारी त्याला फोनवर बोलताना मी ऐकलं.

"आज गेम कॅन्सल बे. मशीन तापली तर काकांचं दही आंबट होईल ना!"



दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपाटात पातेल्यासाठी वेगळी फळी ठोकली.