प्रीताची हिवाळी सुट्टी

प्रीता ढगे आमच्या घरी पहिल्यांदा आली ती दिवाळीत. शॉमबर्गला मंडळाचा कार्यक्रम होता, आणि लांबून येणाऱ्या विद्यार्थ्यांना एका रात्रीपुरतं कुणीतरी ठेवून घ्या, असा मेसेज ग्रुपवर आला होता. मी लगेच हो म्हटलं. शिकागोजवळच्या नेपरव्हिलला तेव्हा आम्हाला बावीस वर्षं झाली होती. मी, नवरा अरुण आणि अकरावीतली निधी, एवढीच माणसं. गेस्ट रूम वर्षभर रिकामीच असायची.

प्रीता वीस वर्षांची, बार्शीची. वडील महावितरणमध्ये लाइनमन, आई अंगणवाडीत. पुण्याला मायक्रोबायॉलॉजी शिकत होती आणि तिच्या कॉलेजमधून एक वर्षाच्या एक्स्चेंजसाठी एकटीच निवडली गेली होती. मिसिसिपीच्या काठावर, आमच्यापासून अडीच तासांवर एक लहानसं गाव आहे, तिथल्या कॉलेजात ती ऑगस्टपासून राहत होती. रात्री जेवताना तिनं वडिलांचं सांगितलं. खांबावर काम करायला ते दहा गावं फिरतात, पण कुणाच्या दारात पाणीसुद्धा मागत नाहीत, बाटली घरून नेतात. सांगताना तिला त्याचा अभिमान होता. मलाही ते आवडलं. आता वाटतं, मी तेव्हाच ओळखायला हवं होतं की ही मुलगी एकदा विचारेल, दुसऱ्यांदा विचारणार नाही.

सकाळी ती निघाली तेव्हा मी म्हटलं, "डिसेंबरात तुमची होस्टेल्स बंद होतात ना? मग सरळ इकडेच ये. महिनाभर राहा." तिनं पत्ता नीट लिहून घेतला. तो कशासाठी, ते मला नंतर कळलं. सुट्टीत ज्यांना कॅम्पसवरच राहायचंय त्यांनी पंधरा नोव्हेंबरच्या आत नाव द्यायचं, आणि जे बाहेर जाणार त्यांनी पत्ता लिहायचा, असा फॉर्म होता. प्रीतानं आमचा पत्ता लिहिला.

थँक्सगिव्हिंगनंतर माझ्या नणंदेचा, कादंबरीचा, कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटहून फोन आला. तिच्या मुलांनी बर्फ पाहिला नव्हता, चौघं पंधरा दिवस येतो म्हणाली. प्रीताला निधीच्या खोलीत झोपवता आलं असतं. मी तसं म्हणूनही पाहिलं, तर कादंबरी म्हणाली, "वहिनी, इतक्या वर्षांनी येतोय, घरचेच असू तर मोकळं वाटेल." मी विषय सोडून दिला.

एक डिसेंबरला प्रीताचा मेसेज आला, मी चौदा तारखेला आले तर चालेल का. मी लिहिलं, बघते हं, कळवते. मग काही कळवलंच नाही. विसरले असं म्हणता येणार नाही. रोज एकदा आठवायचं आणि रोज मी ते उद्यावर टाकायचे. शेवटी बारा तारखेला तिनंच फोन केला. मी पाहुण्यांचं सांगितलं, जानेवारीत मात्र नक्की ये म्हटलं. ती लगेच म्हणाली, "हो काकू, काही प्रॉब्लेम नाही. माझी एक मैत्रीण आहे, तिच्याकडे जमेल."

फोन ठेवल्यावर मला हलकं वाटलं. निधी समोर बसून सीरियल खात होती. तिनं विचारलं, "डिड यू आस्क हर, कुठली मैत्रीण?" मी म्हटलं, असेल ना कुणीतरी, तू कॉलेजला गेलीस की कळेल.

मैत्रीण नव्हती. तिच्या मजल्यावरच्या मुली चांगल्या होत्या, पण तिला घरी नेण्याइतकी कुणाशी ओळख झाली नव्हती. तेरा तारखेला ती हाउसिंगच्या ऑफिसात गेली. तिथल्या बाईंनी सांगितलं की यादी बंद झालीय, तरी डीनना मेल करून बघ. आणि सहज सांगावं तसं हेही सांगितलं की बंद इमारतीत कुणी सापडलं तर कारवाई होते. प्रीतानं डीनना मेल लिहिली, चारदा वाचली आणि पाठवली नाही. वेळेत नाव का दिलं नाहीस, असं विचारलं तर आमचं नाव सांगावं लागलं असतं.

चौदा तारखेला दुपारी बारा वाजता मुलींची दार उघडायची कार्डं बंद झाली. एक मुलगी प्रत्येक खोलीचं दार उघडून दिवे बंद आहेत का पाहत गेली. प्रीता बॅग घेऊन शॉवरच्या पडद्यामागे उभी होती. मग खालचं मोठं दार लागल्याचा आवाज आला आणि चार मजल्यांच्या त्या इमारतीत ती एकटी उरली.

हे सगळं तिनं मला पुढे तुकड्यातुकड्यानं सांगितलं. पाण्याचे पाइप गोठून फुटू नयेत इतपतच हीटिंग ठेवलेलं होतं. ती दोन स्वेटर आणि कोट घालून पांघरुणात बसायची. साडेचारला अंधार पडला की दिवा लावायची नाही, कारण सिक्युरिटीची गाडी खालून जायची. तांदूळ, नूडल्स आणि घरून आणलेलं मेतकूट होतं. कॉमन किचनमधल्या मायक्रोवेव्हमध्ये ती दिवसातून एकदा भात करायची. बाहेर गेलं की आत येता येणार नव्हतं, म्हणून ती जायचीच नाही. फक्त कचऱ्याचा वास यायला लागला की तळघरातल्या लाँड्रीच्या मागच्या दारात एक बूट अडकवायची, दहा पावलांवरच्या डब्यात पिशवी टाकायची आणि पळत परत यायची.

आणि रोज सकाळी आठ वाजता ती बार्शीला फोन करायची. व्हिडिओ नको, इथे सगळे झोपलेत, म्हणायची. काल काकूंनी पुरणपोळी केली, निधीनं मला स्केटिंगला नेलं, काका फार हसवतात. तिच्या आईला आमच्या घरातला सोफासुद्धा माहीत झाला होता. एकदा ती मला म्हणाली, "ते पंधरा मिनिटं बोलताना मला खरंच वाटायचं मी तिथे आहे. मग फोन ठेवला की मी तासभर हलायची नाही. कशासाठी हलायचं, तेच कळायचं नाही."

एकोणतीस डिसेंबर. आमच्याकडे सकाळी दहाला थालीपिठं चालली होती. बाहेर उणे दहा फॅरनहाइट होतं, वर वारा. फोन वाजला, नंबर भारतातला होता.

"मी प्रीताची आई बोलते, बार्शीहून. दिवाळीत तिनं तुमचा नंबर देऊन ठेवला होता. तुम्हाला त्रास देते ताई. आज तिचा फोन आला नाही, आणि उचलतही नाही. जरा देता का तिला?"

मला काही समजेना. त्या पुढे बोलत होत्या, तुम्ही तिला लेकीसारखं ठेवलंत, ती रोज तुमचंच सांगत असते, मी एकदा फोन करणारच होते. त्या बोलत असताना मला हळूहळू कळत गेलं. आणि मी काय केलं? मी म्हटलं, "ती निधीबरोबर बाहेर गेलीय. फोन इथेच विसरली असेल. आली की करायला सांगते."

मागे कादंबरी विचारत होती, कुणाचा गं फोन. तव्यावरचं थालीपीठ करपलं.

प्रीताच्या फोनवर रिंग जात राहिली. मी कॉलेजच्या सिक्युरिटीचा नंबर शोधला. तो माणूस शांतपणे म्हणाला की ती इमारत दोन आठवड्यांपासून बंद आहे, आत कुणी नाही. मी म्हटलं, कृपा करून एकदा जाऊन बघा. वीस मिनिटांनी त्याचा फोन आला. तिसऱ्या मजल्यावर एका खोलीत पांघरुणं आहेत, उशीवर फोन वाजतोय, मुलगी नाही. आणि लाँड्रीच्या मागच्या दाराशी, आतल्या बाजूला, एक बूट पडलाय.

अरुण गाडीच्या किल्ल्या घेऊन उभा राहिला.

त्या सकाळी पावणेआठला ती कचरा टाकायला गेली होती. एक बूट दारात, म्हणून दुसराही न घालता ती खोलीतल्या सपाता आणि मोज्यांवर निघाली. दहाच तर पावलं. वाऱ्यानं दार हललं, बूट आत सरकला आणि दार लागलं. तिनं ते ओढलं, धडका मारल्या. अंगावर कोट होता, फोन वर.

त्या रस्त्यावर निळ्या दिव्याचा एक खांब आहे. त्याचं बटण दाबलं की सिक्युरिटी तीन मिनिटांत येते. प्रीता त्याच्यापाशी थांबली. बटणावर हातही ठेवला. पण पकडले जाऊ, व्हिसा जाईल, परत पाठवतील, पप्पांना बार्शीच्या स्टेशनवर न्यायला यावं लागेल, एवढंच तिच्या डोक्यात होतं. ती पुढे गेली. दोन घरांच्या बेल वाजवल्या, दोन्ही बंद. मग मैलभर लांबच्या पेट्रोल पंपाकडे बर्फातून चालत राहिली. एक सपात वाटेत कुठे गेली, तिला कळलंच नाही, कारण तोवर पायांना काही जाणवतच नव्हतं. पंपावरच्या बाईनं तिला आत ओढलं आणि ॲम्ब्युलन्स बोलावली. नाव विचारलं तर प्रीता सांगेना.

वाटेत सिक्युरिटीचा फोन आला की पंपावरून एका मुलीला काउंटी हॉस्पिटलमध्ये नेलंय. आम्ही तिथे पोचलो तेव्हा दोन वाजले होते. दोन्ही पाय बांधून उशीवर ठेवले होते. चेहरा इतका लहान दिसत होता की आधी मला वाटलं, मी दुसऱ्याच खोलीत आले. तिनं मला पाहिलं आणि म्हणाली, "सॉरी काकू. मी फॉर्मवर तुमचा पत्ता लिहिला होता."

मी तिचा हात धरला. ती म्हणाली, "आईला सांगितलंत?"

"नाही."

"नका सांगू. प्लीज. आईपप्पांना वाटेल, आपण हिला पाठवायलाच नको होतं."

मग अरुणनं माझा फोन तिच्या तोंडासमोर धरला, मागे भिंतच दिसेल असा. बार्शीला रात्रीचे दोन वाजले होते, पण पहिल्याच रिंगला उचलला. प्रीता म्हणाली, फोन विसरले होते गं, मजेत आहे. आईला रडू फुटलं, मग त्या हसल्या आणि म्हणाल्या, ताईंना दे. मी फोन घेतला आणि सांगितलं की आमच्या गेस्ट रूममध्ये आहोत, आता झोपा तुम्ही.

कॉलेजनं कारवाई केली नाही. डीन स्वतः येऊन गेले, आणि त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न होता की मला मेल का केली नाहीस. पुढचं सत्र मात्र गेलं. फेब्रुवारीत डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. घरी सांगितलं, बर्फावर घसरून लागलं.

मार्चपर्यंत ती आमच्याकडे राहिली. फ्रिज उघडण्याआधी विचारायची. रोज सकाळी पांघरुणं अशी घडी घालायची की रात्री तिथे कुणी झोपलं होतं असं वाटू नये. संध्याकाळी मी खोलीत डोकावले की ती अंधारात बसलेली असायची. मी दिवा लावायचे, ती थँक्यू काकू म्हणायची. रात्री निधी तिच्या खोलीत जाऊन बसायची. दोघी बोलायच्या नाहीत फारसं, लॅपटॉपवर काहीतरी बघायच्या. मला ते जमलं नाही. मी तिला खायला घालत राहिले.

जाण्याच्या आदल्या दिवशी धीर करून मी म्हटलं, "प्रीता, चूक माझी होती. मी तुला नाही म्हणायला नको होतं."

ती बॅगेत कपडे ठेवत होती. थांबून म्हणाली, "तुम्ही पहिल्या दिवशी नाही म्हणाला असतात ना काकू, तर मी डीनना मेल केली असती. वेळ होता तेव्हा. मी फोन बघत राहिले." आवाजात राग नव्हता. तिनं चेन लावली आणि वजन जास्त होतंय का, ते बघायला काट्याकडे गेली.

पाच वर्षांनी, गेल्या नोव्हेंबरात मी पुण्याला गेले होते. प्रीताच्या आई रोज फोन करत होत्या, एकदा आमच्या घराला पाय लावाच. टाळता येईना. गाडी करून बार्शीला गेले. प्रीता आता तिथल्याच ज्युनिअर कॉलेजात शिकवते. घरात अनवाणीच वावरत होती. डावा पाय जरा आत टाकते, माहीत नसेल तर लक्षातही येणार नाही. तिनं मला पाणी दिलं, खुशालीचं बोलली, निधीचं मनापासून विचारलं.

जेवणं झाल्यावर वडील म्हणाले, "आम्ही कधी कुणाचं काही घेतलं नाही. पण तुमचं घेतलं. ते फिटायचं नाही."

मी त्यांना सांगणार होते. येताना गाडीत वाक्यं जुळवली होती. मी प्रीताकडे पाहिलं. ती दाराशी उभी होती, आणि तिनं मान अगदी थोडी हलवली. नाही.

आईंनी पाट मांडला, मला बसवलं. हळदकुंकू लावलं. खण, नारळ, तांदूळ घेऊन समोर आल्या. त्यांचे डोळे भरले होते. मी पदर पुढे केला, आणि त्यांनी माझी ओटी भरली.