नेदोसोलिल, चौथा मजला

फोन उचलला की व्हेंदेलिन आधी आपलं आडनाव सांगायचा, "नेदोसोलिल, बोला." तसं आमच्याकडे सगळेच सांगतात. पण बाकीच्यांचं आडनाव दिवसभरात दुसरंही कुणीतरी घेतं, दवाखान्यात, चर्चच्या दारात, घरात बायको भांडताना. व्हेंदेलिनची बायको क्व्हेता जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, साखर कारखान्यातली नोकरी संपली होती, आणि गाव त्याला नुसतं व्हेंदा म्हणायचं. तेव्हा ते आडनाव मोठ्यानं उच्चारणारा तोच एक उरला होता, आणि ऐकणारी बहुतेक वेळा विमा विकणारी एखादी पोरगी असायची. "नेदो... काय म्हणालात?" असं ती बिचारी विचारायची. झालं! हा खुर्ची ओढून बसायचा आणि आडनावाची जन्मकथा सुरू करायचा. पोरगी कधीच शेवटापर्यंत टिकली नाही.

कथा तशी मजेची आहे. चेक देशातल्या आमच्या हाना प्रांतात आडनावं पडली तीच मुळी कुणाच्या तरी एका दुपारच्या करणीवरून. पूर्वज एकदा काहीतरी करून बसला, की पुढच्या साऱ्या पिढ्यांच्या कपाळी ते चिकटलं. आमचे सरपंच व्हिस्कोचिल, म्हणजे 'उडी मारून उठला'. त्यांना खुर्चीतून उठवायला दोन माणसं लागतात. व्हेंदेलिनची शेजारीण आपोलेना दोहनालोवा, तिचं सासरचं नाव म्हणजे 'धावत जाऊन गाठलं'. तिनं आजवर एकही बस गाठलेली कुणी पाहिली नाही. आणि नेदोसोलिल म्हणजे 'ज्यानं मीठ पुरं घातलं नाही तो'. गढीवरच्या मुदपाकखान्यात एक आचारी होता, खिडकीतून बदकं राखणारी पोरगी दिसली, हात थांबला, आणि बिशपसाहेबांच्या पानात अळणी सूप गेलं. पोरगी आचाऱ्याची बायको झाली आणि अळणीपणा आडनाव झाला. गावच्या मास्तरांचं म्हणणं मात्र वेगळं होतं. त्यांच्या मते तो पूर्वज मिठाचा व्यापारी होता आणि मापात मारायचा. त्या दिवसापासून व्हेंदेलिननं मास्तरांना मान डोलावणं सोडलं.

एके काळी गावात नेदोसोलिलांची पाच घरं होती. मुली लग्न होऊन दुसऱ्या आडनावांत गेल्या. दोघे लढाईवरून परत आले नाहीत. एक जण व्हिएन्नाला शिंपी झाला, तिथल्या गिऱ्हाइकांची जीभ अडखळायला लागली म्हणून त्यानं नाव कापून अर्धं केलं; शिंपीच तो. आजोबांचा एक भाऊ भांडून ऑस्ट्रावाच्या कोळसा खाणीत गेला आणि त्याचं नाव घरात कुणी काढेना. उरला व्हेंदेलिन. कब्रस्तानात क्व्हेताच्या नावाखाली दगडात त्याचंही नाव कोरून तयार होतं. नाव, जन्मसाल आणि पुढे एक आडवी रेघ, बस्स.

पण माणसाला मिरवायला काहीतरी लागतंच. हा पबात बसून शेवटचेपण मिरवायचा. "बघून घ्या रे, माझ्यानंतर संपलं. नोवाक काय, गल्लीत दगड मारला तर नोवाकला लागतो." मंडळी न बोलता मिठाची डबी त्याच्या पुढ्यात सरकवायची. हा हसायचा आणि अंधार पडायच्या आत घरी जायचा. घरी सशांच्या पिंजऱ्यापाशी उभा राहून त्यांनाही काहीबाही सांगायचा. कुंपणापलीकडून आपोलेनाला सगळं ऐकू यायचं. आपोलेनाला सगळंच ऐकू येतं.

तीच ऑक्टोबरात एकदा ऑस्ट्रावाला भाचीकडे जाऊन आली आणि पिशवी खाली न ठेवताच कुंपणाला टेकली.

"व्हेंदा, तुझं दुकान बंद झालं रे."

"कुठलं दुकान?"

"शेवटचेपणाचं. भाचीच्या समोरच्या इमारतीत बेलवर नाव आहे, नेदोसोलिल. चौथा मजला. चष्मा लावून वाचलं, काढून वाचलं."

"तू नीट वाचलं नसशील."

"मी चुकीचं वाचेन? लोकांच्या दारावरच्या पाट्या वाचण्यात माझा जन्म गेला!"

व्हेंदेलिननं सशाला गाजर द्यायला हात आत घातला होता, तो आतच राहिला. आपोलेनाला वाटलं, चिडेल. तो म्हणाला, "उद्या माझ्या सशांना घालशील काय खायला?"

"म्हणजे तू जाणार? आणि काय सांगणार त्यांना? नमस्कार, मीही अळणी?"

"हो," तो म्हणाला. "असंच सांगेन."

त्या संध्याकाळी त्यानं शर्ट इस्त्री केला. तरुण असेल की म्हातारा, बायकामुलं असतील का, याचा विचार करत त्यानं इस्त्री इतकी फिरवली की कॉलर करपायला आली. आपल्या आडनावाचा एक जिवंत माणूस या जगात आहे, त्याच्यासमोर बसायचं, एवढंच त्याला हवं होतं. एक वेळ त्यानं पाणीही विचारलं नाही तरी चाललं असतं.

भेट म्हणून त्यानं आमच्याकडचं त्वारूश्की चीज घेतलं. पिवळ्या छोट्या चकत्या असतात, चवीला अमृत आणि वासाला न धुतलेले मोजे. आगगाडीच्या डब्यात समोर एक जोडपं बसलं होतं, ते पुढच्या स्टेशनात उठून गेलं. मग एक कॉलेजची मुलगी आली, तिनं नाक मुरडून खिडकी उघडली आणि तीही गेली. ऑस्ट्रावापर्यंत व्हेंदेलिन सबंध डब्यात एकटा, मांडीवर पुडकं. तिथवर आगगाडीला फार वेळ लागत नाही, न्याहारी करून निघालं तर दुपारच्या सूपला माणूस पोचतो. कारखान्याच्या सहलीबरोबर तो पूर्वी इथलं प्राणिसंग्रहालय पाहायलाही आला होता. पाणघोडा पाहिला होता, सॉसेज खाल्लं होतं आणि परत गेला होता.

इमारत सापडली. दारापाशी बेलांची लांबलचक पाटी. व्हेंदेलिननं बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. न्गुयेन, मारेक, न्गुयेन, न्गुयेन, शिंदेलार्झ, न्गुयेन, आणि त्यांच्यात पिवळ्या पडलेल्या पट्टीवर नेदोसोलिल. दोन स्क्रूंनी घट्ट बसवलेलं. त्यानं बेल दाबली. कुणी बोललं नाही. त्यानं पुन्हा दाबली.

"कोण पाहिजे?" आवाज तळमजल्याच्या खिडकीतून आला. एक म्हातारी खिडकीत उशी टाकून, त्यावर कोपरं टेकून, नाटकाला बसल्यासारखी बसली होती. या कोपेत्स्काबाई.

"नेदोसोलिल पाहिजेत."

"कोणते?"

व्हेंदेलिन खिडकीपाशी सरकला. "कोणते म्हणजे? किती आहेत?"

"एक मेलेला आणि एक लिंदा," कोपेत्स्काबाई म्हणाल्या. ऑस्ट्रावाची माणसं बोलतात तशा, शब्दांच्या शेपट्या कापत. "मेला तो आलोइस. खाणीत होता. लिंदा त्याच्या फ्लॅटात राहते. पाटी काही तिनं बदलली नाही. तुम्ही विजेचे का?"

"नाही. मी नेदोसोलिल."

म्हातारीनं उशीवरून अंग पुढे काढलं आणि त्याला टोपीपासून बुटापर्यंत पाहिलं. "अगं बाई! पण तो तर म्हणायचा, मी शेवटचा."

"कोण म्हणायचा?"

"आलोइस हो! जिन्यात भेटला की तेच. कोपेत्स्काबाई, माझ्यानंतर संपलं, माझ्यासारखा दुसरा नाही. मी म्हणायची, बरं झालं, एक तूच पुरे आहेस. चिडवायची मी त्याला. रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून गॅलरीत उभा राहायचा, कुठं जायचं नसायचं तरी. मला वाटायचं, बढाई मारतोय मेला."

"बढाईच ती," व्हेंदेलिन म्हणाला. त्याला पक्कं ठाऊक होतं. खिडकीखाली बाक होता, त्यावर तो बसला.

म्हणजे इतकी वर्षं दोघं जण. एक तिकडे पबात, एक इकडे जिन्यात. मध्ये एक आगगाडी, तीही रोजची. इथं प्राणिसंग्रहालयात तो पाणघोड्याला हात करत होता तेव्हा आलोइस गॅलरीत उभा असेल, शर्ट घालून.

"कुठं पुरलं त्यांना?"

"पुरतंय कोण! कुणी आलं नाही की पालिका उरकते. राख तिकडे हिरवळीवर सोडतात. पाटी नाही, काही नाही, गवत छान येतं म्हणतात. मी जाणार होते, पण हे पाय." त्यांनी खिडकीतूनच पाय दाखवल्यासारखं केलं. "तुम्ही कोण त्याचे?"

"चुलत असेन. माहीत नाही. मोठी माणसं भांडली होती."

"कशावरून?"

"तेही माहीत नाही," असं म्हणून व्हेंदेलिननं टोपी काढून मांडीवर ठेवली.

तेवढ्यात लिंदा आली. तिशीतली, हातात भाजीची पिशवी, अंगावर पांढरा कोट, त्यावर गुलाबी मेणाचे डाग. दातांच्या कवळ्या बनवायचं काम. "लिंदा, बघ, तुझ्या नावाचे पाहुणे आले!" कोपेत्स्काबाईंनी बारसं केल्यासारखं ओरडून सांगितलं. सगळी हकीगत ऐकल्यावर लिंदा त्याच्या शेजारी बाकावर टेकली.

"आजोबा, मी न्गुयेन. जन्म इथलाच, आई-वडील व्हिएतनामचे. मी तुमची कुणी नाही लागत. सॉरी हं."

"ते दिसतंय," व्हेंदेलिन म्हणाला, आणि मग बोलण्यात खोट राहू नये म्हणून पुढे म्हणाला, "आमच्यात सगळ्यांची नाकं लांब."

ती खळखळून हसली. "पाटीचं सांगते. राहायला आले तेव्हा काढणारच होते. पण या दारात न्गुयेन चार, पलीकडच्या दारात आणखी. माझी औषधं पहिल्या मजल्यावर, त्यांचे बूट माझ्याकडे. वर्गात माझ्या मुलीला हाक मारली की तिघी उठतात. मग मी कुरिअरवाल्यांना सांगायला लागले, न्गुयेन, पण बेल नेदोसोलिल. तेव्हापासून एक पार्सल हरवलं नाही. सगळे मला नेदोसोलिलबाईच म्हणतात. मी ओ देते."

"ओ देतेस?"

"न देऊन काय करू? सुंदर नाव आहे. अर्थ काय त्याचा?"

आणि व्हेंदेलिननं गढीवरचा आचारी, बदकं राखणारी पोरगी, बिशपसाहेब, सगळं सांगितलं. शेवटपर्यंत. तिनं मध्येच फोन ठेवला नाही, कारण ती फोनवर नव्हती, बाकावर होती. कोपेत्स्काबाई खिडकीतून म्हणाल्या, "आलोइस मला म्हणायचा, आचारी नव्हता, व्यापारी होता, मापात मारायचा." व्हेंदेलिननं घाईनं चीज लिंदापुढे धरलं.

लिंदानं चीजचं पुडकं घेतलं, वास घेतला आणि म्हणाली, "बाबा खूश होतील. घरात तेच एकटे खातात हे." मग उठून बेलांच्या पाटीकडे गेली. "आजोबा, ही पट्टी घेऊन जा. हक्क तुमचा. दोनच तर स्क्रू आहेत, वरून पेचकस आणते."

व्हेंदेलिनच्या डोळ्यांपुढे गावचं कब्रस्तान आलं. क्व्हेताच्या दगडावर, रेघेच्या खाली, ही पट्टी बसली असती. नोव्हेंबरात मृतांच्या स्मरणदिनी सगळं गाव मेणबत्त्या आणि शेवंती घेऊन जातं तेव्हा तोही गेला असता, आणि एकट्यानं ती वाचली असती.

"आणि मग तुझी पार्सलं?"

"जातील पहिल्या मजल्यावर. लावीन पाटी, न्गुयेन पाचवी."

"राहू दे," तो म्हणाला. "इथं कुणी वाचतं तरी."

"नक्की?"

"जा तू, तुझी घाई दिसतेय."

घाई होतीच, मुलीला पोहण्याच्या वर्गातून आणायचं होतं. "पुन्हा या हं," असं तिनं धावता धावता म्हटलं, जसं आपण सगळे म्हणतो. भाजीची पिशवी आणि चीज तिनं खिडकीतून कोपेत्स्काबाईंच्या हवाली केलं आणि ती कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली. व्हेंदेलिन ट्रामची वाट पाहत बाकावर बसून राहिला. वारा सुटला होता. त्यानं कॉलर वर केली. आलोइस कुठल्या गॅलरीत उभा राहायचा ते विचारावं असं त्याला वाटलं, पण खिडकीत कोपेत्स्काबाई चीजचं पुडकं दोन बोटांत धरून अंगापासून लांब नेत होत्या. ती वेळ विचारायची नव्हती.

ट्राम वळणावर दिसली. तो उठला, तोच एक पिवळी गाडी फुटपाथवर चढून थांबली. खोका काखेत घेऊन एक मिशीवाला माणूस उतरला, त्यानं चौथ्या मजल्याची बेल दाबली, थांबला, पुन्हा दाबली, आणि इमारतीकडे तोंड करून खणखणीत आवाजात ओरडला,

"नेदोसोलिल! अहो नेदोसोलिल! घरी आहे का कुणी?"

"आहे," व्हेंदेलिन म्हणाला.

माणूस वळला. "तुम्ही नेदोसोलिल?"

"मी नेदोसोलिल."

"मग बसलात काय असे! इथं बोटानं सही करा. असं... हां. थंडी आहे, आत जा, नेदोसोलिल काका."

गाडी गेली. ट्राम आली, दारं उघडली, मिटली आणि तीही गेली. व्हेंदेलिननं खोका मांडीवर घेतला आणि त्यावर दोन्ही हात ठेवले.

"अहो, तुमची ट्राम गेली की!" कोपेत्स्काबाई परत उशीवर आल्या होत्या. "लिंदाला यायला अजून वेळ आहे. तिची पार्सलं मीच ठेवून घेते नेहमी. द्या इकडे, आणि पुढची ट्राम धरा."

"नको," व्हेंदेलिन म्हणाला. "माझ्या नावावर आलंय."