गाळलेली दोन पानं

बाळांनो, तुमचे आजोबा बेचाळीस वर्षं माझ्या शेजारी बसून जेवले, त्यांनाही मी हे कळू दिलं नाही. तुमच्या आईलाही नाही. तुम्ही दूर आहात, तुमच्या तोंडाकडे बघत हे बोलावं लागणार नाही — म्हणून तुम्हाला लिहिते आहे. हाही भित्रेपणाच, नाही का?

नव्वदच्या दशकात नाशिक रोडच्या आमच्या चर्चमध्ये दर बुधवारी दुपारी आम्ही बायका पुस्तकांसाठी जमायचो. ख्रिस्ती जीवनावरची नवी पुस्तकं बहुतेक इंग्रजीत, आणि इंग्रजी वाचणारी मी एकटी. मी आठवडाभर वाचायचे, वहीत मुद्दे काढायचे आणि बुधवारी मराठीतून सांगायचे. मग चर्चा. एका पुस्तकात चर्चमधली माणसं बाकांच्या जागेवरून भांडतात, ते सांगितलं तेव्हा मार्थाकाकू म्हणाली, "अगं बाई, हा लेखक आपल्याकडे येऊन गेला की काय!" सगळ्या इतक्या हसल्या, की पाळकसाहेब डोकावून गेले.

मला ते आवडायचं. फार आवडायचं. मी सांगेन तेच पुस्तकात आहे, असं त्या धरून चालायच्या — हे मला ठाऊक नव्हतं, असं कसं म्हणू?

रत्ना मागच्या बाकावर बसायची. हरसूलकडची, मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला होती. तिला क्षय झाला होता. औषधानं तीन महिन्यांत ताप गेला, गाल भरले. गोळ्या मात्र अजून बरेच महिने घ्यायच्या होत्या.

त्या वर्षी मी एका बाईचं आत्मकथन सांगायला घेतलं. फुफ्फुसाचं दुखणं, प्रार्थना आणि बरं होणं. तीन बुधवार पुरलं. शेवटच्या बुधवारी बायका रडत होत्या. आता राहिली होती दोन पानं. त्यांत लेखिकेनं स्वच्छ लिहिलं होतं, की औषध तिनं एक दिवसही चुकवलं नाही. डॉक्टरही देवानंच पाठवला होता. ती पानं मी वाचली होती. वहीत मुद्दाही काढला होता. पण त्या रडण्यात गोळ्यांचं बोलले असते, तर सगळं विझलं असतं — मी वही मिटली.

निघताना रत्ना दारात थांबली. "बाई, मंग तिनी गोळ्या घेतल्या का सोडून दिल्या?"

बघा, तिनं सरळ विचारलं होतं. मार्थाकाकू शेजारीच डोळे पुसत उभी होती. मी म्हणाले, "तिनं सगळं प्रभूवर सोपवलं, रत्ना."

"म्हंजे सोडल्याच," ती म्हणाली आणि हसली. "बरं झालं. त्या खाल्ल्या का पोटात लय ढवळतं."

ती दोन पावलांवर होती. मी हाक मारली नाही. पुढच्या बुधवारी सांगता आलं नसतं? त्याच्या पुढच्या?

खोकला परत आला तो सगळ्यांत आधी मी ऐकला, कारण मी कान देऊनच होते. नवं पुस्तक सांगताना मी आवाज चढवू लागले. ती तोंडावर पदर दाबून माझ्याकडे बघत बसायची. त्या नजरेत तक्रार नव्हती — असती तर बरं झालं असतं. मग एका बुधवारी मागचा बाक रिकामा दिसला. तिला गावी नेल्याचं कळलं. भेटायला जायचं मी टाळलं. वर्ष सरायच्या आत ती गेली.

तिच्या स्मरणाची उपासना झाल्यावर कुणीतरी हळूच म्हणालं, "विश्वास कमी पडला बिचारीचा." ते तिच्या नवऱ्यानं, शिमोननं, ऐकलं. अबोल माणूस. तो माझ्याकडे आला, कारण पुस्तकं वाचलेली मी होते ना.

"बाई, खरंच का? तिचा विश्वास कमी पडला व्हता?"

आणि मी — मी मान खाली घातली. "देवालाच ठाऊक," म्हणाले.

त्यानं ते 'हो' असंच घेतलं. घेताना मला दिसलं.

शिमोन अजून हरसूललाच असतो. क्वचित चर्चला येतो, आला की मला आवर्जून सलाम करतो. आपली बायको विश्वासात उणी पडली, असं त्याला आजही वाटतं. एका वाक्याचं काम आहे. हरसूलची बस सकाळी सुटते. मी अजून गेलेले नाही.