मंगलचं रुखवत

माझी धाकटी जाऊ मंगल उधळी न्हवती, हे आदी सांगून ठेवते. गाव काय बी बोलतंय. सोताला एक लुगडं घ्यायचं तरी तिच्या जिवावर यायचं. पण दुपारी घर रिकामं झालं की मोबाईलवर डबे, कुकर, कपबश्या मागवायची. पार्सल आमच्या विंझर गावात आलं की घटकाभर चेहरा फुलायचा, मग न उघडताच खोकं पलंगाखाली. कुकरच सात झाले.

तिची लेक प्रेरणा तिला पुण्याला डॉक्टरकडं घेऊन गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही हौस न्हाई, आजार हाय. गोळ्या दिल्या. घ्यावंसं वाटलं की ती वस्तू वहीत लिवायची अन् दोन दिस थांबायचं. मोबाईल घरातल्या दुसऱ्या कुनाकडं ठेवायचा, अन् साठलेली खोकी वाटून टाकायची. मोबाईल माझ्याकडं आला. आठ महिने मंगलनं काय बी घेतलं न्हाई. रोज वही तेवढी लिवायची.

प्रेरणाचं लग्न सारोळ्याला ठरलं. मंगल खोकी आश्रमशाळेला द्यायला निघाली, तर म्याच आडवी आले.

"कोरा माल वाटतीस व्हय? रुखवतात मांडू की."

"आक्का, नको. ते समोर दिसलं की माझा जीव थाऱ्यावर ऱ्हात न्हाई."

"गप ए. नाटकं नगं."

मांडलं. सारोळ्याच्या बायका बघतच ऱ्हायल्या. विहीणबाई म्हणाल्या, "आई असावी तर अशी हौशी." मंगल आठ महिन्यांत पयल्यांदा हसली, अन् मेली मी खूश झाले.

पोरगी सासरी गेली. दुसऱ्या दिवशी तिला फोन लावायचा म्हणून मंगलनं मोबाईल मागितला. घर तिला खायला उठलं व्हतं, ते दिसत व्हतं. म्या दिला. परत मागितला न्हाई.

आठ दिसांनी मांडवपरतणीला प्रेरणा माहेरी आली, तवा सोप्यात चार नवी खोकी. पोरगी माझ्याकडं वळली.

"मोठे आई, खोकी वाटायची ठरली व्हती ना? रुखवतात मांडायचं कुनी काढलं?"

नवा जावई समोर. शेजारणी बसलेल्या. म्या म्हणलं, "तुझ्या आईचीच हौस."

मंगलनं माझ्याकडं बघितलं. मग मान खाली घालून म्हणाली, "व्हय, माझीच."

प्रेरणानं च्या सुदीक घेतला न्हाई. आता तिचा फोन येतो तो माझ्याच मोबाईलवर. आईशी ती बोलत न्हाई.