पाच उपासांचा सुपरवायझर

मला साखर आहे हे कळलं तेव्हा बेदाण्याचा सीझन नुकताच सुरू झाला होता. सांगलीच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, "गोळी वेळेवर, जेवण वेळेवर. बाकी काम तुम्ही आपलं निवांत करा."

निवांत काम म्हणजे काय, हे त्यांनी आमच्या शेडवर येऊन बघायला हवं होतं. मी मूळचा कुंडलचा, पण नोकरी कवठे महांकाळच्या बाजूला, बेदाणा निवडायच्या शेडवर. मी सुपरवायझर. पट्ट्यावरून बेदाणा सरकत जातो, दोन्ही बाजूंनी बसलेल्या तीस-चाळीस बायका त्यातल्या काड्या आणि काळे मणी वेचतात, पुढे पंधरा-पंधरा किलोच्या पेट्या भरल्या जातात. सीझनला सकाळी आठला चालू झालेला पट्टा रात्री नऊपर्यंत थांबत नसे. जेवण म्हणजे जमेल तेव्हा चार घास, तेही उभ्यानं.

आजार मालकांना सांगायचा नाही, असं मी ठरवलं. आजारी माणूस सुपरवायझर म्हणून कोण ठेवेल, ही भीती. पण शेडवर येणारा प्रत्येक व्यापारी मूठभर बेदाणा पुढे करून "चाखून बघा" म्हणणार, आणि चहा तर असा गोड की चमचा उभा राहील. पहिल्याच दिवशी एकानं आग्रह केला तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "नको, आज गुरुवारचा उपास आहे."

शुक्रवार निभावला. शनिवारी पुन्हा तोच प्रसंग आला, म्हणून शनिवार धरला. मग सोमवार. चतुर्थी आणि एकादशी तर आयत्याच मिळाल्या. महिन्याभरात माझ्या नावावर पाच उपास जमा झाले आणि मी शेडवरचा सगळ्यात भाविक माणूस ठरलो. बायका मला मुहूर्त विचारू लागल्या. कोल्ड स्टोरेजचं नवीन मशीन आलं तेव्हा पूजेला मालकांनी मलाच बसवलं, आणि नंतर माझ्या हातावर तूप गळणारा शिरा ठेवला. देवाचा प्रसाद! नाही कसा म्हणणार? खाल्ला. त्या रात्री घरी साखर मोजायच्या मशिनवर बोट टोचलं, तर आकडा बघून बायकोनं फक्त माझ्याकडे पाहिलं. ती साताऱ्याची, फौजी बापाची लेक. तिला बोलायला शब्द लागत नाहीत.

या उपासांचा खरा तोटा वेगळाच झाला. पूर्वी दुपारी कुणीतरी "सायेब, जेवून घ्या" म्हणायचं. आता मालक म्हणायचे, "त्याचा उपासच असतो, त्याला कशाला सुट्टी? तो बघंल पट्ट्याकडं." म्हणजे थाप मारून मी माझं अर्धवट जेवणसुद्धा घालवलं होतं.

तो शनिवार होता. दारात दोन गाड्या भरायला उभ्या. सकाळी गोळी घेतली होती, वर अर्धी भाकरी. दुपारचे दोन वाजले तरी पोटात काही नाही. आधी हात थरथरायला लागले. मग दरदरून घाम. समोरच्या पेट्या मला दुप्पट दिसू लागल्या. पुढचं मला नीट आठवत नाही. जे सांगतोय ते सगळं शेडवरच्या बायकांनी नंतर मला अनेकदा, आणि प्रत्येक वेळी वाढवून, सांगितलेलं आहे.

मी म्हणे डुलायला लागलो. डोळे अर्धे मिटलेले, तोंडानं काहीतरी पुटपुटणं. एकीनं हात जोडले आणि ओरडली, "आगं बया, सायबांच्या अंगात आलं!"

पाच उपासांचा माणूस. कुणालाच शंका आली नाही. पट्टा थांबला. कुणीतरी देवाच्या फोटोपुढचं कुंकू आणून माझ्या कपाळभर फासलं. एक बाई पुढं झाली, "देवा, माझ्या लेकीचं लगीन कवा जमंल?"

मी म्हणालो, "पंधरा किलो."

"पंधरा दिसांत म्हणत्यात!" असं म्हणून तिनं माझ्या पायावर डोकं ठेवलं. (तिच्या लेकीचं लग्न अजून जमायचंय.)

तेवढ्यात मालक धावत आले. चपला दाराबाहेर काढून हात जोडून उभे राहिले. "देवा, आमचं काय चुकलं?"

"जेवण," मी म्हणालो.

"निवद आणा रं, निवद!" मालक ओरडले.

पट्ट्याच्या शेवटच्या टोकाला एक मावशी बसायच्या. साठीच्या, कमी बोलणाऱ्या. त्या उठल्या, गर्दी बाजूला सारली, माझा हात हातात धरून बघितला. गार पडलेला, घामानं ओला. "निवद कसला आणि द्येव कसला," त्या म्हणाल्या. "साखर उतरलीया ह्यांची. आमच्या घरच्या मालकास्नी असंच हुतं. साखरपाणी आणा आदी!" आणि साखरपाणी येईपर्यंत त्यांनी पट्ट्यावरचा बेदाणा उचलून थोडा थोडा माझ्या तोंडात घातला. जो बेदाणा दोन महिने मी देवाच्या नावानं नाकारला होता, तोच.

पंधरा-वीस मिनिटांनी मी देवाचा पुन्हा माणूस झालो. कपाळावर कुंकू, शर्टावर साखरपाणी, आणि पुढ्यात मालक.

"मला का न्हाई सांगितलंस?"

"काढून टाकाल असं वाटलं."

"आरं, भर सीझनात तुला काढून मी कुणाच्या तोंडाकडं बघू?"

मला एवढी लाज वाटली की धीरच आला. म्हणालो, "मग जेवायला सुट्टी द्या. मला एकट्याला नको, सगळ्यांना."

"दोन गाड्या उभ्या असताना?"

तेव्हा मावशी बोलल्या. "आवं मालक, मला बीपी हाय. हिला थायरॉईड. त्या तिघींना साखर हाय. आमी पाणी प्यायच्या निमतानं जाऊन गोळ्या गिळतो. उपाशीपोटी."

मालकांनी एकेकीकडं बघितलं. कुणी मान खाली घातली, कुणी पदराची गाठ सोडून गोळ्यांची पट्टीच दाखवली. मालक एका पेटीवर मटकन बसले. "म्हणजे मी बेदाण्याची शेड न्हाई, दवाखानाच चालवतोय की!"

सोमवारपासून एक वाजता पट्टा बंद, अर्धा तास. पहिल्या आठवड्यात गाड्या उशिरा सुटल्या, तेव्हा मालकांची चिडचिड मी ऐकून घेतली. पुढं बायकांची दुसरी तुकडी लावली आणि आम्ही सातला घरी जाऊ लागलो. सगळं सुरळीत झालं असं नाही. फार गर्दी असली की मालक घड्याळाकडं न बघता फिरत राहतात. मग मावशी सरळ डबा उघडून बसतात आणि बेदाणा काड्यांसकट पुढं जातो. दोन मिनिटांत पट्टा बंद होतो.

बायकोला उपासांची भानगड त्याच दिवशी कळली. ती इतकी हसली की तिला भिंत धरावी लागली. मग आत जाऊन डोळे पुसून आली. "माझ्या बाबांस्नी बॉर्डरवर जेवण पोचत हुतं," म्हणाली, "आणि तुमास्नी कवठ्यात मिळंना?"

सीझन संपल्यावर तपासणीला सांगलीला निघालो तर मालक गाडी घेऊन दारात. म्हणाले, मलाही एकदा बघून घ्यायचंय, पण शेडवर कुणाला सांगू नकोस. माझी साखर बरीच खाली आली होती. मालकांनी बाही वर केली, डोळे गच्च मिटले आणि सुई टोचायच्या आधीच "आई गं" म्हणाले. संध्याकाळी त्यांचा रिपोर्ट आला. डॉक्टरांनी तो दोनदा वाचला आणि विचारलं, "गोड फार खाता का?"

"छ्या!" मालक म्हणाले. "चहासुद्धा बिनसाखरेचा. फकस्त माल घेताना चाखतो तेवढंच. तीस वर्षं."