बाईची अर्धी हजेरी

“ती खुर्ची आत घे आधी. आंगनात कशाला मांडलीस?”

“धुतलेय. उन्हात सुकाला नको?”

“लोकं बघतान.”

“बघू देत. त्यांच्या घरात कोन हगत नाय काय?”

पुतळीने खुर्चीचं भोकाचं बूड उन्हाकडे वळवलं, वर फडक्याचा एक फटका मारला आणि पदर खोचला. काळुराम ओटीवर खांबाला धरून उभा होता. खाली बसायचं नाही, वाकायचं नाही, पाण्याचा हंडासुद्धा उचलायचा नाही, असं पनवेलच्या डॉक्टरनं बजावून ठेवलेलं. श्रावणात त्याच्या पाठीचं ऑपरेशन झालं. मणक्यातली गादी सरकून डावा पाय लाकडासारखा पडला होता. आता मार्गशीर्ष लागला तरी कमरेचा पट्टा सुटला नव्हता. त्या पट्ट्याची त्याला लाज वाटे, खुर्चीची त्याहून जास्त. ज्या काळुरामनं भाताचं पोतं पाठीवर टाकून मध्ये न थांबता बांध ओलांडला, त्याला हगायला पेणहून टेंपोत घालून खुर्ची आणावी लागली. टेंपोवाल्यानं ती वेशीतून हातात मिरवत आणली. शेंबड्या पोरांनाही कळलं, ती कशाची आहे.

“घमेला कशाला घेतलास?” काळुरामनं विचारलं.

“बांधावर जातंय.”

“काल गेली व्हतीस ना?”

“काल गेली, आज परत जातंय.”

“दोन दिस कशाला? घरटी एक दिस असतो.”

पुतळी पायरी उतरता उतरता थांबली. नवऱ्याच्या तोंडाकडे तिनं पाहिलं नाही. घमेल्याच्या काठावरचा सुकलेला चिखल नखानं काढत म्हणाली, “तो बाप्याचा. मी बाईमानूस हाय. माजी हजेरी अर्धी.”

आणि गेली.

काळुराम खांब धरून तसाच राहिला. एवढे दिवस त्यानं विचारलंच नव्हतं. गोळ्यांच्या गुंगीत पुतळी कधी घरात आहे, कधी नाही, याचा पत्ता नसायचा. वाटायचं, गेली असेल शेतावर. हमरापूरहून यंदाचा गणपतीसुद्धा तिनंच आणला. भाताच्या कापणीला शिवा, त्यांचा पोरगा, रोह्याजवळच्या धाटावच्या कंपनीतून रजा टाकून आला, आणि काळुराम पलंगावर पडून विळ्यांचा आवाज ऐकत राहिला. बरं वाटायला लागल्यापासून तो एकेक गोष्ट विचारून घेत होता, कोणाची गाय व्याली, कोणाची पोर नांदायला गेली, शेतातलं पाणी खाडीत सोडायच्या उघाडीचं दार कोणी बदललं. बांधाचं मात्र विचारायचं राहिलं. का राहिलं, ते आता कळलं.

अर्धी हजेरी हा शब्द त्याचाच होता.

खारेपाटातलं गाव. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भातशेती, आणि मधे मातीचा बांध. बांध फुटला की खारं पाणी शेतात शिरतं आणि मग दोन-तीन वर्षं तिथे दाणा पिकत नाही. म्हणून गावानं मिळून बांध राखायचा. या मिळून राखण्याला आमच्याकडे जोळ म्हणतात. खाडीला भांग असला, म्हणजे अष्टमीच्या सुमाराचे मंद भरतीचे दिवस असले, की घरटी एक माणूस बांधावर जायचं. खाजणातली, खाडीकाठच्या दलदलीतली चिकण माती ढेपांनी कापायची, रांग धरून हातोहात वर द्यायची, आणि जिथे बांध झिजला तिथे ती पायांनी चेपायची. पाण्यात उभं राहून चेपणारा रांगेतला शेवटचा गडी. ती जागा काळुरामची. ती जागा दुसऱ्या कोणी धरली तर तो भांडायचा.

एकोणीस-वीस वर्षांमागे रांगेतल्याच जनूला कावीळ झाली होती. हळदीसारखा पिवळा होऊन तो खाटेवर पडला आणि त्याची बायको ठमाबाई त्याच्या जागी बांधावर आली. दुपारी भाकऱ्या सोडल्या तेव्हा काळुराम, हात चिखलाचे तसेच, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला होता, “बाईची हजेरी पुरी धराल तर उद्या समदे लुगडी पाठवतील आनि आपन घरात चुलीम्होरं बसून टाळ्या वाजवू. बाई आली तर दोन दिस येवं. अर्धी धरा.”

रांग हसली. जोळाचा म्होरक्या दाजी, त्यानंही मान हलवली. बाप्यांनी हसून दिलेला हुंकार, पण तेव्हापासून तो जोळाचा रिवाज झाला. कोणी मांडला, ते कोणी विसरलं नाही. फक्त ज्यानं मांडला त्याला विसरायला सवड होती.

ठमाबाई दोन दोन दिवस आली. तिची धाकटी तेव्हा अंगावर पीत होती. पोर बांधाच्या पलीकडे बाभळीखाली टोपलीत रडायची. दूध उतरून ठमाबाईची चोळी भिजायची आणि ती तशीच रांगेत ढेप पुढे द्यायची. काळुरामनं हे पाहिलं होतं. पाहून त्यानं दुसरीकडे तोंड केलं होतं, एवढंच त्याला आठवत होतं, आणि आता ओटीवर उभ्या उभ्या त्याला भिजलेली चोळीच दिसत राहिली.

आणि जनू! ऑपरेशननंतर पनवेलहून गाडी आली ती रस्त्यापर्यंतच. पुढे पाऊसवाट, चिखल. चौघांनी खाटेवर घालून काळुरामला घरात आणलं, त्यात पुढच्या डाव्या पायाला जनू होता. “हळू, हळू, गादी परत सरकंल,” म्हणत सगळी वाट तोच बोलत आला. त्यानंतर पेणच्या बाजाराला जाताना गोळ्या आणायची विचारपूस तोच करी. काळुरामला वाटायचं, माणूस मनानं साधा आहे. आता वाटलं, साधा नव्हे, जनूला सगळं ठाऊक आहे, आणि ठाऊक असून तो खाट उचलायला आला.

दुपारी काळुराम जेवला नाही. उभ्यानंच तांदळाच्या भाकरीचा तुकडा मोडला आणि कावळ्याला टाकला.

दिवस बुडता बुडता पुतळी आली. घमेलं तिनं दाराशीच टाकलं. हात धुवायला तांब्या उचलला तर उजवा हात खांद्यापर्यंत गेलाच नाही. तिनं डाव्या हातानं तोंडावर पाणी मारलं.

“खांदा?”

“काय नाय. अवघडलाय.”

“मी उद्या दाजीला सांगतंय. ती अर्धीबिर्धी मोडा म्हनून.”

पुतळीनं तोंड पुसलं. “आता सांगनार तुमी?”

“मग कवा सांगू?”

“ठमाबाय जात व्हती तवा सांगाला हवा व्हता. आज तुमची बायको ढेपा उचलतेय म्हनून तुमचा तोंड उघडला. चार लोकं काय बोलतील? मानसं कमी म्हनून आता जनूभावजी नि ठमाबाय दोघाबी येतान. मना त्या रांगेत ठमाबायच्या शेजारी उभा राहाचा असतो. ती मागनं ढेप देते, मी घेते. तिच्या तोंडाकडं बघाला होत नाय मना.”

“ती काय बोलली?”

“काय बोलल? ती बोललीच नाय, त्याचाच तर हाय.”

काळुरामची पंचाईत झाली. सांगावं तर स्वतःच्या बायकोसाठी सांगितलं ठरणार. न सांगावं तर तीही पाठ मोडून घेणार, आणि मग घरात दोन पट्टे. तो भिंतीला टेकला. पट्ट्याचं वेल्क्रो करकरलं. एरवी तो आवाज झाला की पुतळी हसे, आज हसली नाही.

सकाळी भांगाचा शेवटचा दिवस होता. पुतळीची पाळी संपली होती, तरी ती उठून निघालीच. “बांधाला खांड पडायला आलीय उघाडीजवळ, मानसं कमी हायत,” म्हणाली. ती गेल्यावर काळुरामनं सदरा घातला, वरून पट्टा आवळला, कोपऱ्यातली काठी घेतली आणि एकेक पाऊल मोजत मागोमाग निघाला. वाटेत हैबतराव पिंपळाखाली विडी ओढत बसला होता.

“कालुराम! पट्टा बांधून कुठं? कुस्तीला?”

“तुज्या बाच्या वरातीला,” काळुराम म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता, आणि हैबतरावालाही ते कळलं. त्यानं विडी विझवली आणि पाय आखडून वाट मोकळी करून दिली. ते त्याहून वाईट.

बांधावर रांग धरलेली होती. बाप्ये, बाया, मधे एक-दोन कॉलेजातले पोरगे. पुढे पाण्यात चेपायला जनू. काळुरामची जागा जनूनं धरली होती. मांडीपर्यंत चिखलात, उघडा, ढेपेवर पाय मारत होता. 

रांगेतून कोणीतरी ओरडलं, “काका आले! काय काका, हजेरी अर्धी का पुरी?”

खोखो हसले सगळे. त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. पुतळी हसली नाही. ठमाबाईही हसली नाही, तिनं फक्त ढेप पुढे दिली.

काळुराम दाजीपाशी गेला. दाजी बांधावर बसून तंबाखू मळत होता, नव्वदीला आलेला, डोळे अधू, पण बांधाचा प्रत्येक वळसा त्याला पायाला ठाऊक.

“दाजी, येक सांगाचा व्हता.”

“सांग.”

“ती बाईची अर्धी... मी बोल्लो व्हतो तवा. ती मोडा. माज्या बायकोसाटी नाय. म्हंजे तिच्यासाटीबी हाय. मी तवा चुकलो.”

दाजीनं तंबाखू ओठाखाली ठेवली. “ती मोडली कवाच.”

“कवा?”

“ह्या वर्सी पयल्याच भांगाला. जनू बोल्ला, कालुराम पडलाय, पुतळीला दोन दिस कशाला राबवता, पुरी धरा. समदे व्हय बोल्ले. तुजी बायकोच नाय बोल्ली.”

काळुरामनं काठीवर दोन्ही हात टेकले.

“बोल्ली, ठमाबायनं दोन दोन काढले, मीबी काढीन. आज तिसरा दिस हाय तिचा. येडी हाय, पन बरोबर हाय. मी काय बोलू?” दाजीनं खाली थुंकलं. “तू म्हनतोस तुजा चुकला, मी मान हलवली त्याचा काय? मीबी हसलो व्हतो.”

काळुराम रांगेपाशी आला.  ठमाबाईसमोर उभा राहिला. आता तिचे केस पिकले होते, आणि टोपलीतली ती पोर पुढच्या वर्षी उजवायची होती.

“वयनी,” तो म्हणाला.

“भावजी, बाजूला व्हा. ढेप पडंल पायावर.”

“वयनी, मी त्या वक्ताला...”

“आता नको.” तिनं ढेप छातीशी धरली होती. चिखल चोळीवर ओघळत होता. “मना तेवा बोलाचा व्हता खूप. आता बोलून माजे दिस परत यायचे नायत. तुमाला बोलाचा असल तर पानी चढाच्या आधी बोला, नायतर सरका.”

मग काळुराम वळला आणि सगळ्या रांगेला म्हणाला, “आयका. ती अर्धी हजेरी मी काढली व्हती. मी शेण खाल्ला.”

रांग जागच्या जागी थांबली. कोणाला हसावं की काय करावं कळेना. खाडीकडून गार वारा येत होता. पाण्यातून जनू ओरडला, “शेण खाल्लास ते समद्यांना ठाव हाय! हितं ढेपा का थांबल्या? पानी माज्या कमरंला आलाय!”

आता सगळे हसले. ढेपा पुन्हा सरकायला लागल्या. कोणी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही, कोणी जाऊ दे म्हटलं नाही. पुतळीनं डोळे खाली ठेवूनच ठमाबाईकडून ढेप घेतली.

काळुराम उभाच राहिला. घरी जावं तर पाय वळेना, इथे राहावं तर हातांना काम नाही. रांगेत वाकल्याशिवाय चालत नाही, आणि वाकणं त्याच्या वाट्याला अजून महिना-दीड महिना नाही. भरतीच्या आधी बांधाचं खेकड्यांनी पोखरलेलं बीळ सापडलं नाही तर तिथूनच खांड पडते, बांध फुटतो, म्हणून कोणीतरी बांधावरून चालत काठीनं टोचत जायचं असतं. ते काम म्हाताऱ्या बायांचं. कालपर्यंत रंभाआजी करायची, आज ती तापानं घरी होती. काळुराम पूर्वी म्हणायचा, हे काम कामच नव्हे.

“दाजी, बिळं कोन बघतंय?”

“कोन नाय. रंभा नाय आली.”

“मी बघतंय.”

दाजीनं अधू डोळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. “बीळ चुकलास तर रात्री आपल्या समद्यांच्या शेतात खारा पानी. तुज्या पाठीची गोष्ट कोन ऐकनार नाय.”

“नाय चुकनार.”

तो काठी टेकत बांधावरून निघाला. एकेक पाऊल, एकेक टोचा. घट्ट माती, घट्ट माती, आणि मग एके ठिकाणी काठी सुळकन आत गेली. वाकून बघावंसं वाटलं, पट्ट्यानं ओढून धरलं. त्यानं काठी तशीच रोवून ठेवली आणि मागे वळून हाक मारली, “हितं हाय! येक ढेप!”

रांगेतून कोण येणार ते त्यानं पाहिलं नाही. डोळे काठीच्या टोकावर होते. चिखल तुडवत ठमाबाई आली. तिनं ढेप बिळात कोंबली, टाचेनं दाबली आणि न बोलता परत फिरली.

काळुरामनं काठी उपटली, पुसली नाही, आणि पुढच्या हातभर मातीत रोवली.