आक्कांचं रि स्टोअर

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, दुष्काळाच्या दिवसांत, मी सोलापुरात एका शाळेत इंग्रजी शिकवायचो आणि गिरणीजवळच्या एका खानावळीत जेवायचो. खानावळ चालवणाऱ्या बाईंना सगळे आक्का म्हणत. त्या मूळच्या कर्नाटकाच्या सीमेवरच्या दुधनीकडच्या. गिऱ्हाइकांशी मराठीत बोलायच्या आणि नवऱ्याला कानडीत झापायच्या. त्यांची शेंगदाण्याच्या कुटाची आमटी इतकी जहाल, की पहिल्या घासाला समोरचा माणूस दिसेनासा व्हायचा.

एक दिवस समोर हॉटेल उघडलं. पाटीवर ‘रेस्टॉरंट’. आक्कांची निम्मी गिऱ्हाइकं ऑम्लेट खायला रस्ता ओलांडून गेली.

“मास्तर, रेस्टारंट म्हंजे काय वो?”

मला वर्गात कुणी कधी काही विचारत नसे. मी खुललो. म्हटलं, “मूळ शब्द रिस्टोर. गेलेलं परत आणणं, बिघडलेलं पूर्ववत करणं. लॅटिनमधून फ्रेंचमध्ये आला, तिथून इंग्रजीत. फ्रान्समध्ये अशक्त माणसाला तरतरी यावी म्हणून एक रस्सा द्यायचे, त्याला म्हणायचे रेस्टॉरंट. पुढं तो मिळायच्या जागेलाच ते नाव पडलं.”

“म्हंजे आमटीच की!”

“साधारण तसंच.”

“मग त्या मेल्याकडं आमटी कुटं हाय? पाव इकतोय त्यो!” आक्कांनी समोरच्या पाटीकडं बोट केलं. “रिस्टोर आई, रेस्टारंट लेक. व्हय ना? लेक ऱ्हाऊ दे त्याच्याकडं. आपण आईची पाटी लावू.”

पेंटर सिनेमाच्या जाहिराती रंगवणारा. त्यानं अक्षरं दणदणीत काढली आणि पत्रा संपला. म्हणून वरच्या ओळीत ‘आक्कांचे रि’ आणि खालच्या ओळीत ‘स्टोअर’.

दुसऱ्या दिवशी सकाळी खानावळीसमोर पिशव्या घेऊन रांग. ‘रि’ म्हणजे रेशन, असं लोकांनी ठरवून टाकलं होतं.

“ती लाल मिलो ज्वारी आली का, आक्का?”

“साखर कधी वाटनार?”

आक्का कमरेवर हात ठेवून ओरडल्या, “ह्ये रेशनचं दुकान न्हाय! रिस्टोर म्हंजे गेलेलं परत आणायचं!”

रांगेतला एक म्हातारा म्हणाला, “मग माजी गेल्या साली बुडालेली साखर आण की परत!”

दुपारी पुरवठा खात्याचे साहेब आले. सर्दीनं बेजार, हातात रुमाल. त्यांनी परवाना मागितला. आक्कांनी मला पुढं ढकललं. मी लॅटिनपासून सुरुवात केली. साहेब म्हणाले, “लॅटिनचा परवाना असेल तर तोही दाखवा.”

“सायब, आदी जेवा,” म्हणत आक्कांनी ताट वाढलं.

साहेबांनी आमटीत भाकरी बुडवून घास घेतला. डोळ्यांतून पाणी, कपाळावर घाम, आणि नाकाचं तर विचारूच नका. बराच वेळ ते रुमालात तोंड खुपसून बसले. आता काही आपली धडगत नाही, असं मला वाटलं. मग त्यांनी तोंड वर केलं, जोरात श्वास ओढला आणि चकित होऊन म्हणाले, “लसणाचा वास येतोय!”

“मास्तर, ह्येच का त्ये रिस्टोर?” आक्कांनी विचारलं.

“अगदी हेच.”

साहेबांनी आणखी एक भाकरी मागितली, पोटभर जेवले आणि जाताना पाटी काढायला लावून गेले. पण त्या दिवसापासून रोज दुपारी जेवायला मात्र तिथंच.

पुढं वर्गात ‘रिस्टोर’ हा शब्द आला, तेव्हा वाक्यात उपयोग म्हणून मी साहेबांचं नाक सांगितलं. पोरांनी पहिल्यांदाच माझं काहीतरी मन लावून उतरवून घेतलं.